‘हे कोणी ठरवलं?’ : मुलींच्या कॉलेजात पोल सायन्स घेताना

तुझं पत्र दोनदा वाचलं. सावनेर तालुक्यातलं गाव, बारावी कला शाखा, नागपूरच्या मुलींच्या कॉलेजात बीएला प्रवेश, आणि आता मेजर विषयाचा फॉर्म भरायचा आहे. तुला पोल सायन्स, म्हणजे राज्यशास्त्र, घ्यायचं आहे. मामा म्हणतात त्यात स्कोप नाही. मैत्रीण म्हणते एमपीएससीला कामी येतं म्हणून घे. आणि आई म्हणते, ‘पोरींच्या कॉलेजात राजकारण शिकून काय करून राहिली तू?’ तू तीन गोष्टी विचारल्या आहेस. हा विषय घेऊ का? मुलींच्याच कॉलेजात घेतला तर काही कमी पडेल का? आणि अभ्यास कसा करायचा?

मी नागपुरात मुलींना हा विषय अठ्ठावीस वर्षं शिकवला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: घे. बाकीच्या दोन प्रश्नांना वेळ लागेल.

आईच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो प्रश्न तुला पुढची तीन-चार वर्षं जेवताना, लग्नकार्यात, एसटीत, सगळीकडे भेटणार आहे. राजकारण म्हणजे निवडणूक, पक्ष, झेंडे, चौकातली बॅनरं, असं आईच्या मनात आहे. त्यात तिची चूक नाही, तिला तेवढंच दिसत आलंय. तू तिला तुझा एसटीचा पास दाखव. गावातल्या मुलींना शाळेसाठी एसटी मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून. पण ती बारावीपर्यंत. परवापर्यंत तू फुकट जात होतीस. आता विद्यार्थी सवलतीचा पास काढशील, किंवा मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं त्या सवलतीत बसशील. बारावीपर्यंतच का? पदवीपर्यंत का नाही? कंडक्टरला विचारून उपयोग नाही, आगारातल्या साहेबांनाही नाही. हे कुठल्या तरी टेबलावर ठरलं, कोणी तरी त्याला पैसे मंजूर केले, कोणी तरी सभागृहात हात वर केला. ते टेबल कुठलं, तो हात कोणाचा, आणि तो निर्णय बदलायचा तर कोणत्या दाराशी जायचं, हे शोधायला शिकणं म्हणजे राज्यशास्त्र. ‘हे कोणी ठरवलं?’ एवढा एक प्रश्न धरून ठेवलास तर अभ्यासक्रमातला एकही पाठ तुला परका वाटणार नाही.

पहिल्या वर्षात मुली अडखळतात त्या शब्दांपाशी. ‘राज्य’ म्हटलं की डोळ्यापुढे महाराष्ट्र येतो. पुस्तकातलं राज्य वेगळं: लोक, भूभाग, शासन आणि सार्वभौमत्व असलेली संस्था. त्या अर्थाने भारत राज्य आहे, महाराष्ट्र त्याचा घटक. म्हणून मी वर्गात ‘राज्यसंस्था’ असाच शब्द वापरायची. दुसरी अडचण सत्ता, अधिसत्ता आणि अधिमान्यता या तिघींची. गाईडमध्ये तिन्हींच्या व्याख्या एकाखाली एक छापलेल्या असतात, मुली त्या घोकतात, आणि परीक्षेत एकीची व्याख्या दुसरीच्या नावावर टाकून येतात.

या तिन्हींतला फरक मला एका विद्यार्थिनीने शिकवला असं मी मानते. तिची आई सरपंच होती, महिला राखीव जागेवरून निवडून आलेली. एकदा मी वर्गात विचारलं, कोणाच्या घरी सत्ता आहे? ती उठून म्हणाली, ‘मॅडम, सही आईची असते, पण शिक्का बाबांच्या खिशात असतो.’ वर्ग शांत झाला. मी फळ्यावर तेच वाक्य लिहिलं आणि तास तिथूनच घेतला. कायद्याने दिलेला आदेश द्यायचा हक्क, म्हणजे अधिसत्ता, आईकडे. प्रत्यक्षात काम करवून घेण्याची ताकद, म्हणजे सत्ता, वडिलांकडे. आणि गावाला हे सगळं बरोबरच वाटतं, सरपंच कोण असं विचारलं तर लोक वडिलांचंच नाव घेतात. ती गावाची मान्यता म्हणजे अधिमान्यता, तीही वडिलांच्याच पारड्यात. त्या वर्षी त्या वर्गातल्या एकाही मुलीने या व्याख्या चुकवल्या नाहीत. पण मला जास्त आनंद पुढच्या गोष्टीचा आहे. ती मुलगी सुट्टीत घरी गेली, ग्रामपंचायत अधिनियमातली सरपंचाच्या कामांची कलमं आईला वाचून दाखवली आणि तो शिक्का आईच्या पिशवीत आला. वडील काही दिवस बोलले नाहीत. मग बोलायला लागले.

आता मुलींच्या कॉलेजाबद्दल. तुझ्या पत्रात या प्रश्नामागे थोडी भीती दिसली, की आपण एका बंद जागेत जातोय आणि विषय मात्र बाहेरच्या जगाचा. भीती पूर्ण खोटी नाही.

आधी चांगलं सांगते. नागपुरात मुलींच्या कॉलेजांची परंपरा जुनी आहे, शंकरनगरचं एलएडी तर स्वातंत्र्याच्या आधीपासूनचं. अशा कॉलेजात युवा संसद बसते तेव्हा सभापती मुलगी, पंतप्रधान मुलगी, विरोधी पक्षनेतीही मुलगी, आणि गोंधळ घालणाऱ्या सदस्याला बाहेर काढणारी मार्शलही मुलगीच. मी मिश्र कॉलेजांतल्या कार्यक्रमांना परीक्षक म्हणून अनेकदा गेले. तिथे हुशार मुली होत्या, पण त्यांच्याकडे सूत्रसंचालन, रांगोळी आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ. खर्चाचा हिशेब, मंडपवाल्याशी भांडण, पोलीस ठाण्यातून परवानगी आणणं ही कामं मुलांकडे. आपल्याकडे ही कामं करायला दुसरं कोणी नसतंच, म्हणून मुली ती करतात, आणि एकदा केली की ती यायला लागतात. लाऊडस्पीकरची परवानगी काढायला ठाण्यात गेलेली मुलगी नंतर कुठल्याही सरकारी कार्यालयात दारातून परत फिरत नाही. हे शिक्षण गुणपत्रिकेवर येत नाही, पण या विषयाचा तो गाभा आहे.

उणी बाजू अशी की वर्गात सगळ्या एकमेकींशी लवकर सहमत होतात. विरोध ऐकायची सवय लागत नाही. शिवाय काही ठिकाणी काळजीच्या नावाखाली मुलींना फाटकाच्या आत ठेवतात. मी एका कॉलेजात असताना विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात मुलींना मोर्चे पाहायला न्यायची परवानगी मागितली. ‘पालक काय म्हणतील’ म्हणून ती नाकारली गेली. मी प्रत्येक पालकाला स्वतः फोन केले. बहुतेकांनी हो म्हटलं. म्हणून सांगते, कॉलेजातल्या मोकळेपणाचा पुरेपूर फायदा घे, पण आंतरमहाविद्यालयीन वादविवादाला नाव दे, जिथे समोरचा मुलगा तुझं वाक्य मध्येच तोडेल. ते वाक्य पूर्ण करायची सवय तुला तिथेच लागेल. वर्गातही एखाद्या विषयावर तुला न पटणारी बाजू मुद्दाम घेऊन बोल.

न पटणारी बाजू म्हणताना मला नेहमी एक उदाहरण आठवतं, आणि ते आपल्या शहराचं आहे. जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब आंबेडकर तिथे बोलले; समाजाची प्रगती मी त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, हे त्यांचं म्हणणं याच परिषदेतलं. मुली भाषण लक्षात ठेवतात, ठराव विसरतात. ठराव वाच. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावं, गिरण्यांत आणि विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायकांना रजा हव्यात, मुलींसाठी वसतिगृहं हवीत. आणि कायदेमंडळांत बायकांसाठी जागा राखून ठेवा.

आता पुढे ये चार-पाच वर्षं. संविधान सभेत पंधरा स्त्रिया होत्या. डिसेंबर १९४६ मध्ये त्यांतल्या हंसा मेहता तिथे म्हणाल्या की स्त्रियांनी राखीव जागा, कोटा, वेगळे मतदारसंघ कधी मागितले नाहीत. आम्हाला सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा आहे. जुलै १९४७ मध्ये रेणुका रे यांनीही राखीव जागांना विरोध केला. म्हणजे एकाच दशकात नागपूरच्या मांडवातल्या बायका म्हणतात जागा राखा, आणि दिल्लीच्या सभागृहातल्या बायका म्हणतात राखू नका. दोघी बायकांच्याच बाजूने बोलतायत. मग फरक कशाचा? शिक्षणाचा, जातीचा, घरच्या परिस्थितीचा? की समतेच्या दोन वेगळ्या कल्पनांचा, एक सगळ्यांना सारखं वागवणारी आणि दुसरी मागे ठेवलेल्याला पुढे आणणारी?

मी हा प्रश्न जवळजवळ दरवर्षी विचारायची. वर्गाचे दोन भाग व्हायचे, आवाज चढायचे, आणि कामठीची, उमरेडची, धरमपेठेची मुलगी एकमेकींच्या घरांबद्दल पहिल्यांदाच काही तरी खरं ऐकायची. त्यानंतर कलम १५(३) वाचायला घेतलं की ते कोरडं राहत नाही. राज्यसंस्थेला स्त्रिया आणि बालकांसाठी विशेष तरतूद करता येईल, एवढंच ते म्हणतं; पण १९४२ आणि १९४६ चे दोन्ही आवाज त्यात ऐकू येतात. मग त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, १९९३ पासून पंचायतींत किमान एक तृतीयांश जागा बायकांना. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. २०२३ मध्ये एकशे सहावी दुरुस्ती, लोकसभा-विधानसभांत एक तृतीयांश जागांसाठी. मात्र तिची अंमलबजावणी तिच्या मूळ मजकुरातच जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी बांधली. हा धागा एकदा हातात आला की सालं पाठ करावी लागत नाहीत.

माझं स्वतःचं मत विचारशील तर मी नागपूरच्या मांडवातल्या बायकांच्या बाजूची आहे. हंसाबाईंबद्दल मला अतिशय आदर आहे. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणाऱ्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ यावं म्हणून त्या अडून बसल्या, ते केवढं मोठं काम. पण शिक्का बाबांच्या खिशातून आईच्या पिशवीत यायला आधी आईचं नाव सरपंच म्हणून लागावं लागतं. तुझं मत वेगळं असेल तर उत्तरपत्रिकेत तेच लिही, फक्त दुसऱ्या बाजूला तिच्या सगळ्या ताकदीनिशी मांडून मग लिही.

नागपुरात हा विषय शिकायला मिळणं हे भाग्य आहे, हे मी मनापासून सांगते. मुंबई राजधानी असताना हिवाळी अधिवेशन इथे का भरतं? २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून किमान एक अधिवेशन विदर्भात घ्यायचं ठरलं म्हणून. तो करार का करावा लागला? विदर्भ मराठी राज्यात गेला की तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेलं हे शहर राजधानीपण गमावणार होतं आणि इथल्या लोकांना आश्वासन हवं होतं म्हणून. १९५५ मध्ये राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने तर वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती मानली गेली नाही. संघराज्य, प्रादेशिक असमतोल, कलम ३७१(२) आणि त्याखालची प्रादेशिक विकास मंडळं, हे सगळे पाठ सीताबर्डीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

अधिवेशनाच्या दिवसांत एकदा तरी मोर्चे बघ. यशवंत स्टेडियमकडून निघतात, विधानभवनाच्या अलीकडे अडवले जातात. अंगणवाडी सेविका, आशा, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक. त्यांच्या पत्रकावरच्या मागण्या उतरवून घे आणि प्रत्येक मागणीपुढे लिही: हा विषय केंद्र सूचीतला, राज्य सूचीतला की दोघांनाही कायदा करता येणाऱ्या समवर्ती सूचीतला? अर्ध्या मागण्यांचं उत्तर मुंबईत नसून दिल्लीत असतं, हे तुला तिथेच कळेल.

आणि झिरो माईलजवळच्या गोवारी शहीद स्मारकापाशी थांब. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, त्यांत बायका आणि लेकरंच फार. मी मुलींना तिथे नेत असे आणि मग वर्गात येऊन अनुसूचित जमातींची यादी काढत असे. यादीत ‘गोंड गोवारी’ असं लिहिलं आहे. हे गोवारीच, की गोंडांमधला वेगळा गट? एवढ्या दोन शब्दांवर हजारो कुटुंबांच्या मुलांचं शिक्षण आणि नोकरी टांगलेली. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, कारण कलम ३४२ प्रमाणे ही यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने होते, त्यात बदल फक्त संसद करू शकते, आणि न्यायालय त्या यादीत शब्द घालू किंवा गाळू शकत नाही. विधानभवनाच्या दाराशी ज्यांनी जीव गमावला त्यांची मागणी पूर्ण करण्याचा अंतिम अधिकार त्या विधानभवनात नव्हताच. हे समजल्यावर एक मुलगी वर्गात रडली होती. मी तिला रडू दिलं. दुसऱ्या दिवशी तिने कलम ३४२ वर जे टिपण लिहून आणलं, तसं मी एमएच्या मुलांकडूनही क्वचित वाचलं.

अभ्यासाच्या सवयींचं थोडक्यात सांगते. संविधानाची मराठी-इंग्रजी द्विभाषी प्रत घे, शासकीय ग्रंथागारात मिळते. रोज एक कलम दोन्ही भाषांत वाच. वर्षभरात इंग्रजीची भीतीही जाईल, त्यासाठी वेगळा क्लास लावायची गरज नाही. पेपर मराठीतून लिहिण्यात काही कमीपणा नाही. मात्र प्रत्येक संज्ञेचं इंग्रजी नाव वहीत लिहून ठेव, पुढे नेटला (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला) किंवा कायद्याच्या अभ्यासाला ते लागतं. गाईड परीक्षेच्या आधी आठ दिवस उघड, त्याआधी नको. गाईडने मुली पास होतात, पण तीन वर्षांनी त्यांना एकही मुद्दा स्वतःच्या शब्दांत मांडता येत नाही. हे मी फार मुलींचं होताना पाहिलं आणि मला ते अजून सलतं. एकाच घटनेची बातमी दोन वेगळ्या पेपरांत वाच. प्लेटो, ॲरिस्टॉटल आले की घाबरू नकोस. बाईला विचारशक्ती असते पण तिचा अधिकार चालत नाही, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. त्याचा गुरू प्लेटो मात्र राज्याचं रक्षण करणाऱ्या वर्गात बायकांना घेतो. दोघांचं भांडण आपल्याच घरातलं आहे असं समजून वाच.

मामांच्या स्कोपबद्दल. एमपीएससी-यूपीएससीला या विषयाचा उपयोग आहेच. यूपीएससीत राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा अडीचशे-अडीचशे गुणांच्या दोन पेपरांचा वैकल्पिक विषय आहे. पण फक्त त्यासाठी घेऊ नकोस. परीक्षा नाही निघाली तर सगळं वाया गेलं असं वाटत राहतं. बीएनंतर तीन वर्षांचं एलएलबी हा मला सर्वांत भक्कम रस्ता वाटतो, उच्च न्यायालयाचं खंडपीठ आपल्या शहरात आहे. पत्रकारिता आहे, स्वयंसेवी संस्थांत पंचायत राजचं काम आहे. प्राध्यापक व्हायचं तर एमए, मग नेट किंवा सेट. पण खरं सांगायला हवं, कायम जागा थोड्या आहेत आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढणाऱ्या माझ्या विद्यार्थिनी मला माहीत आहेत. मामांना हे सगळं सांग, लपवू नकोस.

एक काम मात्र पहिल्याच सत्रात कर. अठरा पूर्ण झाली असतील तर मतदार यादीसाठी नमुना सहा भर. आणि घरातल्या, शेजारच्या नव्याने लग्न होऊन आलेल्या वहिन्यांना विचार, त्यांचं नाव कुठे आहे. आम्ही एकदा वर्गात ही पाहणी केली होती. माहेरच्या यादीतून नाव कमी झालेलं आणि सासरी लागलेलंच नाही, अशा बायका जवळजवळ प्रत्येक मुलीच्या गल्लीत निघाल्या. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, फक्त अर्ज भरायचं कोणाला सुचलं नव्हतं. पत्ता बदलला की नमुना आठ भरायचा असतो. नाव पार कमीच झालं असेल तर पुन्हा नमुना सहा. मुलींनी ते भरून दिले.

पंधरा ऑगस्टच्या सुमाराला तुझ्या गावात ग्रामसभा होईल. नियमाप्रमाणे तिच्या आधी फक्त बायकांची सभा व्हायला हवी. ती झाली का, किती जणी आल्या, काय मागितलं, आणि ते ग्रामसभेच्या इतिवृत्तात उतरलं का, ते बघ. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतलं जे कमी ते, डोकी मोज. आईला सोबत घेऊन जा. जे दिसेल ते दोन पानांत लिही आणि कॉलेजात तुझ्या मॅडमना दाखव. मलाही पाठव, मी वाट पाहीन.